एकच नांव, निराळें ठिकाण
(एक्सएसएलटी भाषेंतील जुळणीच्या नमुन्यांविषयीं एक पाठ)



आपल्या वार्षिकाच्या शेवटीं ‘स्मृति’ या मथळ्याखालीं दिवंगत माजी विद्यार्थी व शिक्षक यांचीं नांवें दर वर्षीं छापलीं जातात, व प्रत्येक नांवाआधीं एक लहानसा क्रूस असतो, हें आपण पाहिलेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं या पानाचें काम मजकडे होतें. अंक वांटून आठ दिवस झाल्यावर एक वृद्ध बाई शाळेंत आल्या. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. तो त्याच वर्षीं वारला होता, व त्याची नोंद त्यांनींच पाठविली होती. अंक उघडून त्यांनीं मजपुढें ठेविला. मुलाच्या नांवाआधीं क्रूस होता, तो योग्यच होता. परंतु त्याखालीं नोंद पाठविणाराचें म्हणून बाईंचें नांव होतें, त्याच्याआधींहि क्रूस होता. त्या रागावल्या नाहींत. इतकेंच म्हणाल्या, “मास्तर, प्रभूनें मला अजून बोलाविलें नाहीं, आपण मात्र पाठवून मोकळे झालां.”

मीं त्यांची क्षमा मागितली, आणि त्यांनीं ती दिली. मागाहून पान मोजून पाहिलें. नोंदी अकरा होत्या, सबब क्रूसहि अकराच हवे होते. छापले गेले होते बावीस. दोष छापखान्याचा नव्हता, यंत्राचाहि नव्हता. तो मीं लिहिलेल्या एका ओळीचा होता. ती ओळ कां चुकली हें ज्यास नीट समजेल, त्यास एक्सएसएलटी या भाषेचें मर्म समजलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. यास्तव तोच पाठ आज आपणांपुढें मांडीत आहें.

मजकुराचा वृक्ष

एक्सएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची एक पद्धति आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेनें ती १९९८ सालीं प्रसिद्ध केली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, मजकूर कसा दिसावा हें ती सांगत नाहीं. तो काय आहे येवढेंच सांगते. अक्षर जाड असावें, क्रूस छापावा, ओळ मध्यभागीं घ्यावी, असल्या गोष्टी तींत येत नाहींत. हें नांव आहे, हा दिवंगत आहे, हा प्रेषक आहे, अशा गोष्टी येतात. खुणांचीं नांवें आपलीं आपण ठरवावयाचीं असतात, व तीं देवनागरींत देण्यासहि प्रत्यवाय नाहीं. आपल्या वार्षिकाचा मजकूर संक्षेपानें असा लिहितां येईल:

<वार्षिक>
  <स्मृति>
    <नोंद>
      <दिवंगत पद="विद्यार्थी">
        <नांव>अमुक</नांव>
      </दिवंगत>
      <प्रेषक>
        <नांव>तमुक</नांव>
      </प्रेषक>
    </नोंद>
  </स्मृति>
  <देणगी>
    <नांव>फलाणा</नांव>
    <रक्कम>५००</रक्कम>
  </देणगी>
</वार्षिक>

उघडणारी खूण व मिटणारी खूण यांसह जो भाग होतो त्यास एलिमेंट म्हणतात. आपण त्यास घटक म्हणूं. ‘पद’ हा ‘दिवंगत’ या घटकाचा गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट होय. एका घटकाच्या पोटांत दुसरा, दुसऱ्याच्या पोटांत तिसरा, अशी ही रचना वंशवृक्षासारखी असते, आणि पालक, मूल, पूर्वज, वंशज, भावंड हेच शब्द तिच्या वर्णनांत योजितात. ‘दिवंगत’ हा आपल्या पोटांतील ‘नांव’ या घटकाचा पालक. ‘स्मृति’ हा त्याचाच पूर्वज.

आतां वरील उतारा पुन्हां पाहा. ‘नांव’ हा घटक तींत तीनदां आला आहे. नांव हें तिन्ही ठिकाणीं नांवच आहे. परंतु एक गेलेल्याचें आहे, एक मागें राहिलेल्याचें आहे, व एक देणगी देणाराचें आहे. हा भेद ‘नांव’ या शब्दांत नाहीं. तो त्याच्या पालकांत आहे. आजच्या पाठाचें बीज येवढेंच आहे.

साचा व नमुना

असा मजकूर छापण्याजोग्या किंवा पडद्यावर दाखविण्याजोग्या रूपांत आणण्यासाठीं एक्सएसएलटी ही भाषा निर्माण झाली. तिची पहिली आवृत्ति जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखालीं १६ नोव्हेंबर १९९९ रोजीं प्रसिद्ध झाली. पुढें २००७ सालीं दुसरी व २०१७ सालीं तिसरी आवृत्ति निघाली. या दोहोंचें संपादन मायकेल के यांनीं केलें. या भाषेंत लिहिलेल्या पत्रास स्टाइलशीट म्हणतात. स्टाइलशीट म्हणजे मुख्यतः साच्यांचा संग्रह. प्रत्येक साच्याचे, म्हणजे टेम्प्लेटचे, दोन भाग असतात. ‘मॅच’ या गुणधर्मांत एक नमुना लिहिलेला असतो. साचा कोणासाठीं आहे हें तो सांगतो. साच्याच्या पोटांत त्या घटकाचें काय करावें तें लिहिलेलें असतें. या नमुन्यासच पॅटर्न असें म्हणतात.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. घटकांचीं व गुणधर्मांचीं नांवें आपण देवनागरींत दिलीं तरी भाषेचे स्वतःचे शब्द, जसे ‘मॅच’, ‘सिलेक्ट’, ‘टेक्स्ट()’, हे संगणकावर रोमन लिपींतच लिहावे लागतात. तसेच नमुन्यांतील आंकडेहि इंग्रजी लिहावे लागतात. या लेखांत ते केवळ वाचनाच्या सोयीसाठीं आपल्या लिपींत दिले आहेत.

हाक मारणें व ओळखणें

नवशिक्याची पहिली गैरसमजूत अशी असते कीं, नमुना हा मजकुरांत शिरून घटक शोधून आणतो. तसें नाहीं. वर्गांत हजेरी घेणारा शिक्षक नांवें पुकारतो, आणि ज्याचें नांव पुकारलें तो उभा राहतो. हें हाक मारण्याचें काम एक्सएसएलटींत ‘ॲप्लाय-टेम्प्लेट्स’ ही आज्ञा करते. कोणास बोलवावयाचें हें तिच्या ‘सिलेक्ट’ या गुणधर्मांत लिहितात, व तें न लिहिल्यास सर्व मुलांस ओळीनें बोलाविलें जातें. नमुन्याचें काम निराळें आहे. बोर्डिंगाच्या दारावर पहारेकरी उभा असतो. तो कोणास हाक मारीत नाहीं. जो समोर येईल त्यास तो आपल्या नियमांशीं ताडून पाहतो: हा कोण, कोणत्या वर्गाचा, कोणाच्या खोलींतला? नियम जुळला तर त्या नियमांत सांगितल्याप्रमाणें त्यास वागवितो. ‘सिलेक्ट’ म्हणजे हाक; ‘मॅच’ म्हणजे ओळख. हे दोन शब्द ज्यानें मनांत वेगळे ठेविले त्याच्या निम्म्या अडचणी दूर झाल्या.

यावरून दुसरी गोष्ट निघते. नमुना डावीकडून उजवीकडे लिहिला जातो, परंतु तो उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘दिवंगत/नांव’ असा नमुना असल्यास प्रथम विचारावें: समोर आलेला घटक ‘नांव’ आहे काय? असल्यास, त्याचा पालक ‘दिवंगत’ आहे काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें तरच जुळणी झाली. शास्त्रीय भाषेंत हा नियम असा: त्या घटकापासून किंवा त्याच्या कोणत्याहि पूर्वजापासून आरंभ करून नमुन्यांत दिलेल्या वाटेनें गेल्यास जर तो घटक हातीं लागत असेल, तर तो नमुन्याशीं जुळला असें समजावें.

नमुन्यांचे प्रकार

नित्य उपयोगांत येणारे नमुने थोडेच आहेत. ते येणेंप्रमाणें:

१. ‘नांव’ — या नांवाचा कोणताहि घटक, तो कोठेंहि असो.
२. ‘*’ — कोणत्याहि नांवाचा घटक. ‘@पद’ — पद हा गुणधर्म.
३. ‘दिवंगत/नांव’ — ज्याचा प्रत्यक्ष पालक ‘दिवंगत’ आहे असा ‘नांव’ घटक.
४. ‘स्मृति//नांव’ — ज्याच्या पूर्वजांत कोठेंतरी ‘स्मृति’ आहे असा ‘नांव’ घटक. मध्यें कितीहि पिढ्या असोत.
५. ‘दिवंगत[@पद='शिक्षक']’ — ज्याचें पद शिक्षक आहे असा ‘दिवंगत’. चौकोनी कंसांत अट घालतात. ‘प्रेषक[नांव]’ म्हणजे ज्याच्या पोटांत ‘नांव’ आहे असाच ‘प्रेषक’.
६. ‘नांव | रक्कम’ — यांपैकीं कोणताहि एक.
७. ‘/’ — संपूर्ण वृक्षाचें मूळ. ‘टेक्स्ट()’ — घटकांतील नुसता मजकूर.

यांत ध्यानांत ठेवण्यासारखें असें कीं, नमुन्याची वाट नेहमीं वरून खालीं जाते. पालकाकडे किंवा भावंडाकडे वळण्याची मुभा वाटेंत नाहीं. तशी चौकशी करावयाची असल्यास ती चौकोनी कंसांत करावी. तेथें हवा तो प्रश्न विचारतां येतो.

चूक कोठें झाली

आतां माझ्या ओळीकडे वळूं. क्रूस छापणाऱ्या साच्याचा नमुना मीं ‘स्मृति//नांव’ असा लिहिला होता. माझ्या मनांतील वाक्य असें होतें: स्मृतींतील प्रत्येक नांवाआधीं क्रूस असावा. पूर्वीच्या वर्षीं नोंद पाठविणाराचें नांव छापीत नसत. प्रत्येक नोंदींत एकच नांव असे, व तें दिवंगताचें असे. त्यामुळें माझा नमुना बरोबर ठरत आला. पण तो समजुतीनें बरोबर नव्हता, योगायोगानें बरोबर होता. त्या वर्षीं ‘प्रेषक’ हा घटक नव्यानें आला, त्यांत ‘नांव’ आलें, आणि तें नांवहि ‘स्मृति’च्या वंशांतलेंच असल्यामुळें नमुन्यानें आपलें काम चोख केलें. यंत्रानें माझी आज्ञा अक्षरशः पाळली. माझ्या मनांतला हेतु मात्र त्या अक्षरांत नव्हता.

मग मी अगदीं दुसऱ्या टोंकास गेलों, आणि ‘/वार्षिक/स्मृति/नोंद/दिवंगत/नांव’ असा लांबलचक नमुना लिहिला. मुळापासून पानापर्यंत प्रत्येक पायरी सांगितली म्हणजे चूक होणार नाहीं, असें वाटलें. पुढल्या वर्षीं संपादकांनीं स्मृतींत ‘शिक्षक’ व ‘विद्यार्थी’ असे दोन विभाग केले. ‘स्मृति’ व ‘नोंद’ यांमध्यें एक पिढी वाढली, आणि माझा नमुना एकाहि नांवाशीं जुळेना. यंत्रानें तक्रार केली नाहीं. त्यानें सामान्य ‘नांव’ या साच्यानें सर्व नांवें छापून दिलीं, आणि क्रूस एकहि उमटला नाहीं. सुदैवानें हें मुद्रितांतच दिसलें.

या दोन चुकांवरून जें शिकलों तें असें: नमुन्यांत संदर्भ तितकाच घालावा जितक्यानें अर्थ ठरतो, त्याहून कमी नको, अधिकहि नको. क्रूस कां छापावयाचा? नांव ‘स्मृति’ या पानावर आहे म्हणून नव्हे, ‘वार्षिका’च्या अमुक पायरीवर आहे म्हणूनहि नव्हे, तर तें नांव दिवंगताचें आहे म्हणून. तेव्हां ‘दिवंगत/नांव’ हाच खरा नमुना. विभाग वाढोत, प्रेषक येवोत, पानें बदलोत. तो ढळत नाहीं, कारण तो स्थळावर नव्हे, कारणावर उभा आहे.

दोन नमुने जुळले तर

कोणी शंका घेईल कीं, ‘नांव’ असाहि साचा आहे व ‘दिवंगत/नांव’ असाहि आहे. दिवंगताचें नांव तर दोहोंशीं जुळतें. मग कोणता चालतो? यासाठीं प्राधान्याचे अंक ठरविलेले आहेत. नुसत्या ‘*’ चें प्राधान्य उणें अर्धा, म्हणजे −०.५, नुसत्या नांवाचें ०, आणि ज्यांत वाट किंवा अट आहे त्या नमुन्याचें ०.५. अधिक अंकाचा साचा चालतो. म्हणून सामान्य नियम ‘नांव’ या साच्यांत लिहावा, व अपवाद ‘दिवंगत/नांव’ या साच्यांत. अपवाद आपोआप वरचढ होतो.

परंतु येथेंहि एक फसवणूक आहे. समजा, दिवंगत शिक्षकांचीं नांवें मोठ्या अक्षरांत हवीं आहेत, म्हणून ‘दिवंगत[@पद='शिक्षक']/नांव’ असा तिसरा साचा लिहिला. माणसास वाटतें, हा अधिक नेमका, तेव्हां हाच चालेल. पण यंत्र नेमकेपणा मोजीत नाहीं. ‘दिवंगत/नांव’ चें प्राधान्य ०.५ व याचेंहि ०.५. असा पेंच पडला म्हणजे बहुधा स्टाइलशीटमध्यें जो साचा शेवटीं लिहिला असेल तोच चालतो. साच्यांचा क्रम बदलला कीं निकाल बदलतो! यास्तव अशा ठिकाणीं ‘प्रायॉरिटी’ हा गुणधर्म देऊन नेमक्या साच्यास १ किंवा २ असें प्राधान्य आपल्या हातानें द्यावें, व निकाल क्रमाच्या भरंवशावर सोडूं नये.

आणि कोणताच साचा जुळला नाहीं तर? तर भाषेचे अंगभूत नियम चालतात. घटक असल्यास त्याच्या मुलांकडे जावें, मजकूर असल्यास तो जसाच्या तसा उतरून द्यावा, असे ते नियम आहेत. म्हणूनच चुकलेल्या स्टाइलशीटमधून पुष्कळदां सर्व मजकूर सलग, विनाशृंगार, एका घोळक्यानें बाहेर पडतो. असें दिसलें कीं समजावें, आपला एकहि नमुना जुळलेला नाहीं.

आणखी तीन खांचखळगे

पहिला, चौकोनी कंसांतील क्रमांक. ‘नोंद[१]’ म्हणजे सबंध अंकांतील पहिली नोंद असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आपल्या पालकाच्या ‘नोंद’ या मुलांपैकीं जी पहिली, ती. दोन विभाग असल्यास अशा दोन नोंदी जुळतील. प्रत्येक घरांत एक थोरला मुलगा असतोच.

दुसरा, आरंभींच्या दोन तिरप्या रेघा. ‘//नांव’ आणि ‘नांव’ हे नमुने व्यवहारांत त्याच घटकांशीं जुळतात, कारण नमुना शोधावयास जातच नाहीं. फरक इतकाच कीं, पहिल्याचें प्राधान्य ० वरून ०.५ होतें, आणि सामान्य नियम विनाकारण अपवादांच्या पंक्तीस जाऊन बसतो.

तिसरा, नेमस्पेस. घटकास आडनांवासारखें एक कुलनाम असूं शकतें, व तें मजकुराच्या अगदीं आरंभीं एकदांच जाहीर केलेलें असल्यामुळें नजरेस येत नाहीं. मग आपण नुसतें ‘नांव’ लिहितों, यंत्र मात्र त्यास परक्या कुळांतला समजतें, आणि जुळणी होत नाहीं. पहिल्या आवृत्तींत यावर उपाय म्हणजे स्टाइलशीटमध्यें तेंच कुलनाम एखाद्या उपसर्गानें जाहीर करून प्रत्येक नमुन्यांत तो उपसर्ग लावावा. दुसऱ्या आवृत्तीपासून नुसत्या नांवांसाठीं हें कुलनाम एकदांच सांगण्याचीहि सोय झाली आहे.

मोजून पाहा

शेवटीं दोन संवयी सांगून हा पाठ संपवितों. पहिली संवय अशी कीं, स्टाइलशीटमध्यें ‘*’ या नमुन्याचा एक साचा ठेवावा, आणि त्यांत, ‘हा घटक माझ्या ओळखीचा नाहीं,’ असा इशारा त्या घटकाच्या नांवासह पडद्यावर येईल अशी योजना करावी. त्याचें प्राधान्य सर्वांत कमी असल्यामुळें तो इतरांच्या आड येत नाहीं. परंतु उद्यां एखादा नवा घटक आला, तर तो गुपचूप निसटत नाहीं. तो साचा त्या वर्षीं माझ्यापाशीं असता, तर ‘प्रेषक’ हा शब्द पडद्यावर अकरा वेळां उमटला असता, आणि मी थबकलों असतों.

दुसरी संवय मोजण्याची. मजकुरांत ‘दिवंगत’ किती? बाहेर पडलेल्या पानांत क्रूस किती? ‘काउंट()’ या फलनानें हें क्षणांत कळतें. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांतील मेंढपाळाच्या प्रेमाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. परंतु एक मेंढरूं कमी आहे हें त्यास मोजल्यावांचून कळलें नसतें, इकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. प्रेमासहि गणति लागते. मीं त्या दिवशीं अकरा व बावीस हे दोन आंकडे शेजारीं मांडले असते, तर एका शोकाकुल मातेस अंक हातीं घेऊन शाळेंत यावें लागलें नसतें.

यंत्रापुढें जें येतें त्यास आपण घटक म्हणतों, नोड म्हणतों. पण ‘नांव’ या घटकाच्या पोटांत कोणाचें तरी नांव असतें, आणि त्या नांवामागें एक घर असतें. म्हणून नमुना लिहितांना, हें नांव कोठें आहे, येवढेंच न विचारतां, हें कोणाचें आहे व मी त्याचें काय करणार आहें, हेंहि विचारावें. त्याचें उत्तर बरोबर आलें तर नमुनाहि बहुधा बरोबर येतो.

अभ्यासार्थ प्रश्न

१. वरील उताऱ्यांतील तीन ‘नांव’ घटकांपैकीं कोणते घटक ‘नोंद//नांव’ या नमुन्याशीं जुळतील? कारण सांगा.
२. ‘देणगी’ मधील नांव तिरप्या अक्षरांत छापावयाचें आहे. विभाग बदलले तरी न ढळणारा नमुना लिहा.
३. ‘प्रेषक/नांव’ आणि ‘नोंद/प्रेषक/नांव’ हे दोन साचे एकाच स्टाइलशीटमध्यें आहेत. प्राधान्य न दिल्यास कोणता चालेल? तो निकाल भरंवशाचा आहे काय?
४. स्टाइलशीट चालविल्यावर सर्व मजकूर सलग बाहेर पडला. याचीं दोन संभाव्य कारणें लिहा.